बिटकीपर हातातून गेलं तेव्हा: लिनक्स कर्नलचे १०७ दिवस

लिनक्स कर्नलची, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याची, २.६.११ ही आवृत्ती २ मार्च २००५ ला आली आणि २.६.१२ आली १७ जूनला. मधे १०७ दिवस गेले. २.६.११ च्या वेळी ६८ दिवस पुरले होते, आणि २.६.१२ नंतरच्या दोन आवृत्त्या अनुक्रमे ७२ आणि ६० दिवसांत आल्या. म्हणजे एकाच फेरीत पाच-सहा आठवडे जिरले. ते कुठे जिरले हे उघड आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, २.६.१२ ची दुसरी आरसी (रिलीज कँडिडेट, म्हणजे आवृत्तीआधीचा चाचणीचा मसुदा) नुकतीच बाहेर पडलेली असताना, ज्या साधनावर कर्नलचं एकत्रीकरण चालायचं ते बिटकीपर वापरता येणं बंद झालं.

हे प्रकरण बहुतेक ठिकाणी ‘लिनसने काही दिवसांत गिट लिहिलं’ एवढ्यावर आटोपतं. लिनस म्हणजे लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स, आणि गिट म्हणजे बिटकीपरच्या जागी आलेलं साधन. ते खरंच आहे, पण त्याने मुख्य प्रश्नाला हात लागत नाही. वेगवेगळ्या देशांत बसलेली, वेगवेगळ्या कंपन्यांचा पगार घेणारी, एकमेकांना क्वचितच भेटलेली शेकडो माणसं आपलं सामाईक साधन एका झटक्यात गमावतात आणि तरी पाच-सहा आठवड्यांच्या नुकसानावर सुटतात, हे जमलं कसं? आमच्या मते त्याचं उत्तर एप्रिलच्या आधीच्या सात वर्षांत आहे, आणि थोडं त्यानंतरच्या काही महिन्यांत.

आधीची व्यवस्था

२००२ पर्यंत लिनस टोरव्हाल्ड्स कोणतंही आवृत्ती-नियंत्रण साधन (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं) वापरत नव्हते. बदल म्हणजे ईमेलमध्ये घातलेला पॅच: अमुक फाइलच्या अमुक ओळी गेल्या, त्यांच्या जागी या आल्या. पसंत पडला तर पुढच्या आवृत्तीत दिसायचा, नाही पडला तर काहीच व्हायचं नाही. पोचपावती नाही, नकारही नाही. नवी आवृत्ती आली की आपला पॅच तीत आहे का हे पाठवणाऱ्यानेच पाहायचं, आणि नसेल तर नव्या कोडवर बसवून पुन्हा पाठवायचा. ही पद्धत रुक्ष होती, पण तिच्यामुळे रांग साठत नव्हती. ज्या पॅचमागे कुणी उभं राहत नाही तो आपोआप गळून जायचा. अडचण अशी की चांगले पॅचही गळायचे.

१९९८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हे टोकाला गेलं. पॅच हरवतात म्हणून लोक वैतागले, डेव्हिड मिलर यांनी चालवलेली वेगळी शाखा (कोडची समांतर प्रत) मूळ कोडपासून दूर जाऊ लागली, आणि ‘एकटा लिनस एवढ्या कामाला पुरत नाही’ हे पहिल्यांदा उघडपणे बोललं गेलं. त्याच भांडणातून लॅरी मॅकव्हॉय यांनी अशा कामासाठी साधन लिहायला घेतलं. तेच पुढे बिटकीपर झालं.

जानेवारी २००२ मध्ये तोच प्रश्न पुन्हा आला. सूचना अशी होती की पॅच गोळा करायला एक अधिकृत माणूस नेमा. नावही ठरलं होतं, ‘पॅच पेंग्विन’. लिनसनी ती नाकारली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मी हजार माणसांचा कोड वाचू शकत नाही. ज्यांच्यावर माझा भरवसा आहे अशा दहा-वीस जणांचा वाचतो आणि ते त्यांच्या भरवशाच्या माणसांचा वाचतात, तेव्हा माझ्याकडे थेट येऊ नका, तुमच्या विभागाच्या माणसाकडे जा.

या प्रकरणातलं सगळ्यात मोठं वळण आम्ही याच उत्तराला मानतो. मधे एक कारकून बसवला असता तर गर्दी फक्त एका दारातून उठून दुसऱ्या दारात गेली असती. विश्वासाची उतरंड उघडपणे मान्य केल्यावर गर्दी मुळातच विभागली गेली. नेटवर्कचा पॅच नेटवर्कच्या मेंटेनरकडे (तो विभाग सांभाळणाऱ्याकडे), यूएसबीचा यूएसबीच्या मेंटेनरकडे, आणि त्या मेंटेनरने स्वतः वाचून, तपासून, नीट बांधलेला गठ्ठाच वर द्यायचा.

फेब्रुवारी २००२ मध्ये लिनसनी बिटकीपर वापरायला घेतलं आणि ही उतरंड साधनात उतरली. प्रत्येकाकडे इतिहासासकट पूर्ण प्रत, प्रत्येकाची आपली शाखा, आणि लिनसनी मेंटेनरच्या शाखेतून बदल ओढून घ्यायचे. लिनसना ढकलून देणारा कुणी नव्हता. कधी ओढायचं आणि ओढायचं की नाही, हे घेणाऱ्याच्या हातात होतं.

पण बिटकीपर हे बिटमूव्हर कंपनीचं बंद साधन होतं. मुक्त प्रकल्पांना ते फुकट मिळायचं, अटींवर. वापरणाऱ्याने त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्या साधनावर काम करायचं नाही, ही त्यातली सर्वांत बोचणारी अट. त्यामुळे काही डेव्हलपरांनी ते कधीच हातात घेतलं नाही, आणि लिनसनी त्यांच्यावर सक्तीही केली नाही. साधे पॅच ईमेलने घेणं चालूच राहिलं. २.६ मालिकेतले लिनसचे मुख्य सहकारी अँड्र्यू मॉर्टन आपली ‘-एमएम’ शाखा सुट्या पॅचच्या गठ्ठ्याने सांभाळायचे. त्यासाठी त्यांनी लिहिलेल्या स्क्रिप्टमधूनच पुढे क्विल्ट हे साधन निघालं. म्हणजे तीन वर्षं दोन वाटा शेजारीशेजारी चालू होत्या. त्या वेळी अनेकांना ही ओढाताण वाटली असेल. एप्रिल २००५ मध्ये त्या जुन्या वाटेनेच सगळ्यांना तारलं.

काय तुटलं

सांबा आणि आरसिंक ही मुक्त साधनं लिहिणारे अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलू शकेल असा मुक्त प्रोग्रॅम लिहायला घेतला. बिटकीपरचा परवाना त्यांनी कधी स्वीकारलेला नव्हता. बिटमूव्हरने याला उलट अभियांत्रिकी (तयार वस्तू उलगडून तिची रचना शोधणं) म्हटलं आणि मोफत आवृत्ती मागे घेत असल्याचं जाहीर केलं. एप्रिल २००५ मध्ये कॅनबेराच्या लिनक्स परिषदेत ट्रिजेलनी आपण काय केलं ते सगळ्यांसमोर करून दाखवलं: सर्व्हरच्या पोर्टला टेलनेटने (दूरच्या सर्व्हरशी मजकुरातून बोलायच्या साध्या प्रोग्रॅमने) जोडायचं आणि ‘हेल्प’ टाइप करायचं. सर्व्हर स्वतःच आपल्या आज्ञांची यादी छापतो.

लिनस त्यांच्यावर जाहीरपणे रागावले. दोघंही त्या काळात ओएसडीएल या एकाच संस्थेशी बांधलेले असल्याने प्रकरण आणखी अवघडलं. कोण बरोबर यावरचा वाद पुढे वर्षानुवर्षं चालला. समन्वयाच्या दृष्टीने त्यातली एकच बाब महत्त्वाची आहे: सगळ्यांच्या कामाचा सांधा तिऱ्हाइताच्या मर्जीवर होता. मर्जी फिरली आणि सांधा निखळला.

आता प्रत्यक्षात काय तुटलं आणि काय नाही ते वेगळं करून पाहू. मेंटेनरच्या शाखेतून लिनसकडे होणारी ओढ तुटली, कारण ती बिटकीपरमधून व्हायची. तीन वर्षांचा बदलांचा इतिहास अडकला. मात्र कुठला पॅच कुणाकडे जायचा हे बदललं नाही, कारण ते विभागवार मेंटेनरांची नावं असलेल्या साध्या मजकुराच्या ‘मेंटेनर्स’ फाइलमध्ये आणि लोकांच्या सवयीत होतं. पॅचचा आकार बदलला नाही. पॅच कुठून आला याची नोंदही शाबूत राहिली. एससीओ कंपनीने मार्च २००३ मध्ये आयबीएमवर दावा ठोकल्यानंतर कोडच्या मालकीचा प्रश्न जिवावर आला होता, म्हणून २००४ पासून प्रत्येक पॅचखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ सक्तीची झाली होती. ज्याच्या-ज्याच्या हातातून पॅच वर गेला त्याची सही एकाखाली एक. ही साखळी पॅचच्याच मजकुरात असते. साधन कुठलंही येवो-जावो, ती सोबत जाते.

आणखी एक गोष्ट वेळेवर घडली होती. मार्च २००५ मध्येच ग्रेग क्रोह-हार्टमन आणि ख्रिस राइट यांनी ‘स्टेबल’ मालिका सुरू केली होती. बाहेर पडलेल्या आवृत्तीवर फक्त महत्त्वाच्या दुरुस्त्या चढवायच्या, नवं काही नाही. मुख्य शाखा अडखळत असताना २.६.११.१ ते २.६.११.१२ अशा बारा दुरुस्ती-आवृत्त्या बाहेर पडल्या. वापरणाऱ्यांचं फारसं अडलं नाही ते यामुळे.

तीन सेकंदांचा हिशोब

लिनसनी आधी उपलब्ध मुक्त साधनं तपासली. मोनोटोनची रचना त्यांना पटली, पण ते तेव्हा फार मंद होतं. किती वेग हवा, याचा त्यांचा हिशोब अगदी व्यवहारी होता. अँड्र्यू मॉर्टनसारख्या सहकाऱ्याकडून एका वेळी अडीचशे पॅच येऊ शकतात. एक पॅच चढवायला ३० सेकंद लागले तर २५० पॅचना ७,५०० सेकंद, म्हणजे दोन तासांहून जास्त. मधेच एखादा बसला नाही तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून अट अशी की एका पॅचला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागता कामा नये. त्याने तेच काम साडेबारा मिनिटांत होतं. २९ एप्रिलला गिटची मोजणी झाली तेव्हा सेकंदाला ६.७ पॅच नोंदले जात होते. २५० पॅचना चाळीस सेकंदही नाहीत.

या आकड्यांवर थोडं थांबायला हवं. एकत्रीकरणाला दोन तास लागत असतील तर माणूस ते दिवसातून एकदाच करतो, आणि काही चुकलं तर ‘आता राहू दे, चालेल’ म्हणतो. चाळीस सेकंद लागत असतील तर तो करून बघतो, पटलं नाही तर मोडतो, पुन्हा करतो. दूर बसलेल्या माणसाचं काम नाकारणं स्वस्त झालं की ते तपासायला घेणंही स्वस्त होतं. इथे वेगाने फक्त वेळ वाचला असं नाही, लोकांची वागणूक बदलली.

काम ३ एप्रिलला सुरू झालं, ६ ला जाहीर झालं आणि ७ एप्रिलला गिटचा कोड गिटमध्येच नोंदला गेला. १८ एप्रिलला पहिल्यांदा अनेक शाखांचं मर्ज (एकत्रीकरण) झालं. आतली रचना इतकी लहान आहे की ती चार वाक्यांत सांगता येते. फाइलचा मजकूर म्हणजे ब्लॉब. कुठल्या नावाखाली कुठला ब्लॉब, याची यादी म्हणजे ट्री. एक ट्री, त्याच्या आधीचे कमिट, करणाऱ्याचं नाव, वेळ आणि कारण मिळून एक कमिट. या प्रत्येकाचं नाव म्हणजे त्याच्याच मजकुरावरून काढलेला ४० अक्षरी शा-१ हॅश, एक प्रकारचा ठसा.

समन्वयाला उपयोगी पडतं ते हे शेवटचं. फिनलंडमधल्या माणसाच्या आणि पुण्यातल्या माणसाच्या संगणकावर एका कमिटचा हॅश तोच असेल तर त्यामागचा सगळा इतिहास अक्षरशः तोच आहे. विचारायला नको, मध्यवर्ती सर्व्हरकडून क्रमांक घ्यायला नको. इतिहासातलं एक अक्षर बदललं तर तिथून पुढचे सगळे हॅश बदलतात. ऑगस्ट २०११ मध्ये कर्नलचा कोड जिथे ठेवलेला असतो त्या सर्व्हरांवर घुसखोरी झाल्याचं उघड झालं तेव्हा याची कसोटी लागली. सर्व्हर अनेक आठवडे बंद होते, पण शेकडो जणांकडे पूर्ण प्रती असल्याने कोडमध्ये कुणी हात घातला आहे का हे पडताळता आलं.

आता इतिहासाचं. १६ एप्रिलला लिनसनी २.६.१२-आरसी२ चा कोड गिटमध्ये घातला, मागचा इतिहास न घेता. आयात केला तर तो साधारण ३.२ जीबी भरत होता, आणि नवजात साधनावर हे ओझं त्यांना नको होतं. हवा असेल त्याने तो नंतर वेगळा बांधावा, असं त्यांनी त्या पहिल्या कमिटच्या नोंदीतच लिहिलं. पुढे थॉमस ग्लाइक्सनर यांनी तो खरोखर बांधला. हा निर्णय आम्हाला फार मोलाचा वाटतो. साधन बदलताना बहुतेक संघांचं घोडं इथेच पेंड खातं: जुनं सगळं, शंभर टक्के, पहिल्या दिवशी नव्यात यायला हवं हा हट्ट. इथे चालू काम आधी वाहतं केलं आणि जुनं सावकाश आणलं.

सुरुवातीचं गिट वापरायला सोपं नव्हतं. प्रागचे पेत्र बाउदिश यांनी लगेच त्यावर माणसांना झेपेल असं आवरण लिहायला घेतलं, तेच पुढे कोजितो नावाने चाललं. आणि २६ जुलैला, म्हणजे चार महिनेही व्हायच्या आत, लिनसनी गिटची जबाबदारी जुनिओ हामानो यांच्याकडे सोपवली. ‘भरवशाच्या माणसाला विभाग देऊन टाका’ हा कर्नलचा नियम साधनालाही लागू झाला.

वेळेची शिस्त

वेगवान मर्ज हाती आलं तशी नवी अडचण दिसली: कुणीही केव्हाही काहीही पाठवू शकतो, मग कोड स्थिरावणार कधी? २००५ च्या उन्हाळ्यात मेंटेनरांच्या बैठकीत त्यावर तोड निघाली आणि २.६.१४ पासून ती अमलात आली. आवृत्ती बाहेर पडली की दोन आठवडे मर्ज विंडो. नवं जे काही घ्यायचं ते याच काळात. मग पहिली आरसी, आणि तिथून फक्त दुरुस्त्या. दर रविवारी एक आरसी, सातव्या किंवा आठव्या आरसीनंतर आवृत्ती. एकूण नऊ किंवा दहा आठवडे. लिनस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रविवारी दुपारी आरसी सोडतात, म्हणजे पुण्यात सोमवारी सकाळी मेल उघडली की ती आलेली असते. बैठक नाही, आमंत्रण नाही, तरी जगभर सगळ्यांना माहीत असतं की आज फेरीतला कितवा आठवडा आहे.

या विंडोचा खरा गुण असा की ती चुकली तरी फार बिघडत नाही. पुढची नऊ-दहा आठवड्यांनी आहेच. पूर्वी स्थिर आवृत्त्यांमध्ये दोन-तीन वर्षांचं अंतर असायचं, तेव्हा गाडी सुटू नये म्हणून लोक अर्धकच्चा कोड घुसवायचे. फेरी आखूड केल्याने ती घाई कमी झाली.

राहिलेली फट २००८ मध्ये बुजली. दोन मेंटेनरांच्या शाखा वेगवेगळ्या नीट चालतात आणि एकत्र आल्यावर मोडतात, हे विंडोच्या ऐन गर्दीत कळायचं. ऑस्ट्रेलियातले स्टीफन रॉथवेल यांनी ‘लिनक्स-नेक्स्ट’ सुरू केलं: सगळ्या मेंटेनरांच्या पुढच्या फेरीसाठीच्या शाखा रोज एकत्र करायच्या, बिल्ड करायच्या (कोडवरून चालणारा प्रोग्रॅम बनवायचा), मोडलं तर संबंधितांना त्याच दिवशी मेल. आज त्यात तीनशेहून अधिक शाखा असतात. विंडो उघडण्याआधी जे तिथे दिसलं नाही ते लिनसकडे न्यायला मेंटेनरला चांगलंच कारण द्यावं लागतं.

एक बदल, सात शाखा

व्यवस्था कुठे ताणली जाते हे एका नेहमीच्या प्रसंगावरून कळेल. गाभ्यातल्या एका फंक्शनला (कोडचा नाव दिलेला तुकडा) एक आर्ग्युमेंट (त्याला द्यायची माहिती) वाढवायचं आहे. ते फंक्शन चाळीस ड्रायव्हर (उपकरणं चालवणारे कोडचे भाग) वापरतात आणि ते ड्रायव्हर सात मेंटेनरांच्या सात शाखांमध्ये विखुरले आहेत. एकाच पॅचमध्ये सगळं बदललं तर तो कुठल्या शाखेतून जाणार? कुणाच्याही शाखेतून गेला तरी उरलेल्या सहांशी कॉन्फ्लिक्ट (त्याच ओळींवर दोन वेगळे बदल) ठरलेला.

सरळ वाट तीन फेऱ्यांची आहे. पहिल्या फेरीत नवं फंक्शन नव्या नावाने येतं, जुनं तसंच राहतं. दुसऱ्या फेरीत प्रत्येक मेंटेनर आपापल्या शाखेत आपले ड्रायव्हर नव्यावर आणतो. तिसऱ्या फेरीत, कुणी उरलं नाही याची खात्री करून, जुनं काढतात. सहा महिने सहज जातात, पण कुणालाही कुणासाठी थांबावं लागत नाही.

घाई असेल तर दुसरी वाट. गाभ्याचा मेंटेनर पहिल्या आरसीवरून एक छोटी शाखा काढतो, तीत फक्त तो बदल ठेवतो आणि ही आता बदलणार नाही असं जाहीर करतो. बाकीचे ती शाखा आपल्यात ओढतात आणि त्यावर आपलं काम रचतात. सगळ्यांकडे तेच कमिट, तोच हॅश. त्यामुळे शेवटी लिनसकडे सातही शाखा पोचतात तेव्हा हा बदल एकच आहे हे गिटला आपोआप कळतं. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे प्रत्येकाने तो पॅच ईमेलमधून उचलून आपल्याकडे वेगळा चढवणं. मजकूर तोच, पण हॅश वेगळे. दोन शाखांपैकी एकीने त्याच ओळींवर नंतर काही केलं की कॉन्फ्लिक्ट उभा राहतो, आणि इतिहासात एकच बदल दोनदा दिसतो.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे जाहीर केलेली शाखा रीबेस करणं, म्हणजे तिच्यातलं काम उचलून दुसऱ्या पायावर बसवणं. कमिटच्या हॅशमध्ये त्याच्या आधीच्या कमिटचा हॅश असतो, म्हणून खालची वीट हलवली की वरच्या सगळ्या विटा नव्या होतात. ज्यांनी जुन्या शाखेवर काम रचलं ते लटकतात. शिवाय जी शाखा आठवडाभर तपासली गेली ती आणि आता समोर असलेली एक राहत नाहीत, आणि ऐन विंडोच्या आदल्या रात्री केलेला रीबेस म्हणूनच वर जाऊन अडतो.

तिसरी चूक चांगल्या हेतूने होते. आपल्या शाखेचा मुख्य शाखेशी कॉन्फ्लिक्ट आहे हे दिसल्यावर मेंटेनर स्वतःच मुख्य शाखा आपल्यात मर्ज करून तो मिटवतो आणि मग पुल रिक्वेस्ट (शाखा ओढून घेण्याची विनंती) पाठवतो. लिनसना हे नको असतं. कॉन्फ्लिक्ट कुठे आहे आणि तो कसा सोडवावा, हे पुल रिक्वेस्टच्या मेलमध्ये दोन ओळींत लिहा, सोडवतो मी, असं ते सांगत आले आहेत. कारण दोन विभाग कुठे एकमेकांवर घासतात हे समजण्याची त्यांची जागा तीच आहे. तो कॉन्फ्लिक्ट खालीच झाकला तर वरच्याला काहीच दिसत नाही.

पॅचच्या पातळीवर

एवढी मोठी रचना शेवटी उभी आहे ती एका पॅचच्या शिस्तीवर. एका पॅचमध्ये एकच बदल, आणि मालिकेतला प्रत्येक पॅच चढवल्यावर कर्नल बिल्ड व्हायला हवा, शेवटचा चढवल्यावरच नव्हे. नवख्यांना हा नियम जाचक वाटतो, पण त्याचं कारण अगदी रोकडं आहे. आजच्या एका फेरीत दहा ते पंधरा हजार कमिट येतात. आधी चालणारं काही बंद पडलं तर गिट बायसेक्ट मधलं कमिट काढून देतो. चालतं का पाहायचं, अर्धे बाद करायचे, पुन्हा मधलं. चौदा फेऱ्यांत १६,३८४ कमिटमधून एक सापडतं. म्हणजे चौदा वेळा बिल्ड आणि रीबूट, एका दिवसाचं काम, आणि ते कोड न समजणाराही करू शकतो. मधल्या एखाद्या ठिकाणी बिल्डच मोडलेला असेल तर हा शोध तिथे अडतो. आणि शेवटी सापडलेल्या कमिटमध्ये पाच बदल एकत्र असतील तर दोषी कोण हे कळतच नाही.

पाठवण्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. लिखाणाचे नियम तपासणारी चेकपॅच ही स्क्रिप्ट चालवायची. गेट-मेंटेनर ही स्क्रिप्ट पॅचवरून कुणाला पाठवायचं त्यांची नावं काढून देते. विषयाच्या ओळीत आधी विभागाचं नाव, मग काय बदललं. मजकुरात का बदललं, कारण काय बदललं ते खाली कोडमध्ये दिसतंच. जुन्या चुकीची दुरुस्ती असेल तर ‘फिक्सेस’ ओळीत त्या चुकीच्या कमिटच्या हॅशची पहिली बारा अक्षरं. स्टेबलच्या लोकांना त्यावरूनच कळतं की ही दुरुस्ती मागच्या कुठल्या आवृत्त्यांत न्यायची. दुसऱ्यांदा पाठवताना विषयात ‘व्ही२’ घालायचं आणि पहिल्यापेक्षा काय बदललं ते तीन आडव्या रेघांच्या खाली लिहायचं, म्हणजे वाचणाऱ्याला दिसतं पण इतिहासात जात नाही. पॅच जोडपत्र म्हणून नको, एचटीएमएल नको. ऑफिसच्या अनेक मेल प्रोग्रॅमना टॅबच्या जागी स्पेस घालायची खोड असते, आणि असा पॅच चढतच नाही. म्हणून गिट सेंड-ईमेल वापरायचं आणि आधी स्वतःलाच पाठवून, उतरवून, चढवून पाहायचं.

उत्तर आलं नाही तर निदान एक आठवडा थांबायचं, मर्ज विंडो चालू असेल तर जास्त. १९९८ च्या मानाने आजचा मेंटेनर बरंच उत्तर देतो, पण पाठपुरावा पाठवणाऱ्यानेच करायचा हा नियम तेव्हापासून तसाच आहे.

माणूस गेला तर

२००५ ला साधन गेलं होतं. सप्टेंबर २०१८ मध्ये खुद्द लिनसच बाजूला झाले. आपल्या वागण्याबद्दल माफी मागून त्यांनी काही आठवडे सुट्टी घेतली, तीही फेरीच्या मध्यावर. उरलेल्या आरसी ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी काढल्या आणि ४.१९ ही आवृत्ती २२ ऑक्टोबरला बाहेर पडली. आधीची ४.१८ आली होती १२ ऑगस्टला. मधे ७१ दिवस, म्हणजे आठ आरसींच्या नेहमीच्या फेरीइतकेच.

उतरंडीच्या टोकाला हे जमलं. खाली तसं नाही, आणि आम्हाला काळजी वाटते ती तिथली. कोड लिहायला कंपन्या माणसं देतात. दुसऱ्याचा कोड वाचायला फारशी देत नाहीत. अनेक विभागांत मेंटेनर म्हणून एकच नाव असतं, आणि तो माणूस नोकरी बदलतो, आजारी पडतो, थकतो. ‘मेंटेनर्स’ फाइलमध्ये प्रत्येक विभागाखाली एक स्थितीची ओळ असते. ‘सपोर्टेड’ म्हणजे पगारावर कुणीतरी पाहतं आहे. ‘मेंटेन्ड’ म्हणजे कुणीतरी पाहतं आहे, एवढंच. ‘ऑड फिक्सेस’ म्हणजे कधीमधी, सवड मिळेल तशी. आणि ‘ऑर्फन’ म्हणजे कुणीच नाही. एखाद्या ड्रायव्हरवर आपलं उत्पादन उभं करण्याआधी ती एक ओळ उघडून पाहावी. तिथे ‘ऑर्फन’ लिहिलं असेल तर पॅच पाठवायचा कुणाला हा प्रश्नच राहत नाही. तो विभाग सांभाळायला आपल्याकडचं कोण तयार आहे, हे आधी ठरवावं लागतं.